लांब इंग्रजी शब्दांतील सारखी अक्षरे : नाते की योगायोग?

प्रश्न असा आहे : समान अक्षरे असलेले लांबलचक इंग्रजी शब्द आणि शब्दसमूह अर्थांसह सांगावेत, ते लक्षात कसे ठेवावेत हेही सांगावे, आणि शब्दकोड्यात 'याच अक्षरांतून दुसरा शब्द तयार करा' असे आले तर सुरुवात कुठून करावी ते समजावावे. इंग्रजी शिकवण्यात आणि शब्दकोडी रचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की अशा शब्दांची नुसती यादी पाठ केली, तर ती आठवड्याभरात विसरली जाते. दोन शब्दांत अक्षरे सारखी दिसली की पहिला प्रश्न विचारावा तो हा : ही अक्षरे दोघांना एकाच घराण्यातून मिळाली आहेत, की ती केवळ योगायोगाने जुळली आहेत? नात्याने जुळलेल्या शब्दांचे अर्थ एकमेकांच्या आधाराने लक्षात राहतात. योगायोगाने जुळलेले शब्द कोड्यासाठी उत्तम असतात, पण अर्थासाठी त्यांच्यावर विसंबले की घात होतो.

एक खुलासा आधीच करतो. मराठीत 'कमल' आणि 'कलम' या शब्दांत अक्षरे अखंड जागा बदलतात, आणि काना, मात्रा, वेलांटी आपापल्या व्यंजनाला धरूनच हलतात. इंग्रजीत स्वरही सुटे असतात, त्यामुळे तेथील उलथापालथ फार मोकळी होते, आणि पंधरा अक्षरांच्या शब्दातून पंधरा अक्षरांचाच दुसरा शब्द निघू शकतो. या लेखात 'अक्षर' म्हणजे इंग्रजी लिपीतील सुटे अक्षर, उच्चारातले नव्हे.

सगळीच्या सगळी अक्षरे सारखी असलेल्या शब्दांपासून सुरुवात करू. 'एज्युकेशन' म्हणजे शिक्षण, 'ऑक्शन्ड' म्हणजे लिलावात विकलेले आणि 'कॉशन्ड' म्हणजे ताकीद दिलेला. या तिन्ही शब्दांत तीच नऊ अक्षरे आहेत, आणि गंमत अशी की इंग्रजीतील पाचही स्वर प्रत्येकात नेमके एकेकदा येतात. अर्थांचा मात्र परस्परांशी काडीचाही संबंध नाही. 'पर्कशन' म्हणजे आघाताने वाजणारी वाद्ये किंवा आघात, आणि 'सुपरसॉनिक' म्हणजे ध्वनीपेक्षा अधिक वेगाचा. दोहोंत दहा अक्षरे समान आहेत, आणि अर्थही ध्वनीच्या आसपास फिरतात, म्हणून विद्यार्थ्यांना येथे नाते असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात पहिला शब्द आपटणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला आणि दुसरा 'वर' व 'ध्वनी' या अर्थांचे लॅटिन शब्द जोडून तयार झाला. 'इम्प्रेशन्स' म्हणजे ठसे किंवा मनावर उमटलेल्या छापा, आणि 'परमिशन्स' म्हणजे परवानग्या. अकरा अक्षरांच्या या जोडीत पहिल्या शब्दाच्या मुळाशी 'दाबणे' आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी 'पाठवणे, सोडणे'.

माझ्या आवडीची जोडी 'कॉन्व्हर्सेशन' आणि 'कॉन्झर्व्हेशन' ही आहे. बारा अक्षरांच्या या शब्दांत फक्त एस आणि व्ही यांनी जागा बदलल्या आहेत, त्यामुळे घाईत वाचताना जाणकारही फसतात. दुसऱ्याचा अर्थ जतन किंवा संवर्धन हा आहे, कारण त्याच्या पोटात 'राखणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. पहिल्याचा आजचा अर्थ संभाषण असला, तरी जुन्या इंग्रजी धर्मग्रंथांच्या भाषांतरांत तोच शब्द माणसाची वागणूक या अर्थाने येतो. त्याच्या मुळाशी असलेले 'वळणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद आणि संस्कृतातील 'वृत्' हा धातू सख्खे भाऊ आहेत, आणि आपला 'वर्तन' हा शब्द त्याच 'वृत्' पासून झाला आहे. म्हणजे ज्या 'कॉन्झर्व्हेशन'शी या शब्दाची बाराही अक्षरे जुळतात त्याच्याशी त्याचे मुळातून नाते नाही, आणि ज्या 'वर्तन'शी एकही इंग्रजी अक्षर जुळवता येणार नाही त्याच्याशी मात्र आहे.

लांबीच्या दृष्टीने पाहिले तर 'सिनेमॅटोग्राफर' आणि 'मेगाकायरॉप्टरन' ही जोडी पंधरा अक्षरांची आहे, आणि शब्दकोड्यांच्या जगात तिला मान आहे. पहिला म्हणजे चलच्चित्राचा छायाचित्रकार, दुसरा म्हणजे मोठ्या फळभक्षी वटवाघळांपैकी एक. ही जोडी डोळ्यांना ओळखू येत नाही, कारण तीन सलग अक्षरेही दोन्ही शब्दांत त्याच क्रमाने सापडत नाहीत. चांगल्या जोडीची माझी कसोटी हीच आहे. 'रिप्रेझेन्टेशनलिझम' आणि 'मिसरिप्रेझेन्टेशनल' ही जोडी एकोणीस अक्षरांची, म्हणजे हिच्याहून लांब आहे. पहिला शब्द, मनाला वस्तू थेट न कळता तिची प्रतिमाच कळते या तत्त्वज्ञानातील मताचे नाव आहे, आणि दुसरा म्हणजे विपर्यस्त चित्रण करणारा. पण येथे घडले आहे ते इतकेच, की शेवटची तीन अक्षरे थोडी फिरवून पुढे नेऊन ठेवली. लांबी मोठी असली तरी कसब त्यात फारसे नाही.

शब्दसमूहांत 'इलेव्हन प्लस टू' आणि 'ट्वेल्व्ह प्लस वन' यांच्या तोडीचे उदाहरण मला दुसरे मिळालेले नाही. अकरा अधिक दोन आणि बारा अधिक एक यांची बेरीज सारखी, अक्षरे सारखी, आणि दोन्ही बाजूंची अक्षरे मोजली तर तीही तेराच भरतात. 'स्कूलमास्टर' म्हणजे शाळामास्तर या शब्दाची बारा अक्षरे फिरवली की 'द क्लासरूम' म्हणजे वर्गखोली तयार होते. येथे अर्थ जुळणे हा निव्वळ योगायोग आहे, आणि म्हणूनच ते कौतुकाचे आहे.

आता नात्याकडे येऊ, आणि त्यासाठी वटवाघळाच्याच शब्दापाशी थोडे थांबू. 'मेगाकायरॉप्टरन' या शब्दात तीन ग्रीक तुकडे आहेत : मोठा, हात आणि पंख. वटवाघळाच्या पंखाचा पडदा त्याच्या लांबलेल्या बोटांच्या हाडांवर ताणलेला असतो, म्हणून प्राणिशास्त्राने त्याच्या गणाला 'हस्तपंखी' अशा अर्थाचे नाव दिले, आणि पारंपरिक वर्गीकरणात त्यातील मोठ्या फळभक्षींना 'मेगा' हे उपपद लावले. यातील पंखाचा तुकडा पी, टी, ई, आर असा लिहिला जातो. 'टेरोडॅक्टिल' म्हणजे पंखबोट्या नामशेष सरपटणारा प्राणी. त्यातील पहिला पी उच्चारात गळतो, पण लिखाणात टिकून आहे, आणि म्हणूनच नाते ओळखता येते. 'लेपिडॉप्टेरा' म्हणजे खवल्यांचे पंख असलेले, अर्थात फुलपाखरे आणि पतंग. 'कोलिऑप्टेरा' म्हणजे म्यानासारखे पंख असलेले, अर्थात भुंगेरे. आणि रोजच्या वापरातला 'हेलिकॉप्टर' म्हणजे मळसूत्री पंखाचा. या शब्दाचे खरे तुकडे 'हेलिको' आणि 'प्टर' असे पडतात. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा चुकीच्या जागी तोडला, आणि त्या चुकीतूनच 'हेलिपॅड' हा शब्द जन्मला. तो आता सर्वमान्य झाला आहे, त्यामुळे त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण विद्यार्थ्याने तुकडा कुठे पडतो हे पाहिले, तर फुलपाखरू, भुंगेरा, वटवाघूळ आणि हेलिकॉप्टर एका ओळीत उभे राहतात आणि पुन्हा विसरत नाहीत. ग्रीकमधील हा पंख आणि संस्कृतातील 'पत्र' हे दोन्ही उडणे या अर्थाच्या एकाच मूळ धातूचे आहेत. संस्कृतात 'पत्र' म्हणजे पानाआधी पीस आणि पंख.

त्याच शब्दातील हाताचा तुकडा 'कायरोप्रॅक्टर' या शब्दात दिसतो. मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्याला हे नाव आहे. 'सर्जन' हा शब्दही याच हाताचा आहे, कारण त्याचे मूळ ग्रीक रूप 'हाताने काम करणारा' असे होते. फ्रेंचमधून येताना तो इतका झिजला की आज त्यात हाताची अक्षरे जवळजवळ उरलेली नाहीत. तेव्हा अक्षरे जुळत असूनही नाते नसते, तसेच नाते असूनही अक्षरे जुळेनाशी होतात, हे ध्यानात असू द्यावे.

सर्वांत अधिक गोंधळ मी पाहिला आहे तो पी, ई, डी या तीन अक्षरांचा. ही अक्षरे दोन निराळ्या घराण्यांत आहेत. लॅटिन घराण्यात त्यांचा अर्थ पाय. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पादचारी, आणि 'पाद' हा त्या लॅटिन पायाचा संस्कृत भाऊच असल्याने मराठी प्रतिशब्द येथे मुळासकट जुळतो. 'इम्पेडिमेंट' म्हणजे अडथळा, मुळात पायात घातलेला खोडा. 'एक्स्पिडिशन' म्हणजे मोहीम, मुळात पायातला तोच खोडा काढून मोकळे होणे. 'सेस्क्विपिडेलियन' म्हणजे अतिशय लांब शब्दांचा किंवा असे शब्द वापरणारा, शब्दशः दीड पाऊल लांबीचा. रोमन कवी होरेस याने अवजड शब्दांची थट्टा करताना हे विशेषण वापरले होते. त्या शब्दात स्वतःतच चौदा अक्षरे आहेत, हे तुम्ही मोजून पाहिले असेलच.

ग्रीक घराण्यात मात्र तीच अक्षरे मूल दाखवतात. 'पीडियाट्रिशियन' म्हणजे बालरोगतज्ज्ञ. 'एन्सायक्लोपीडिया' म्हणजे विश्वकोश, मुळात मुलाला द्यावयाचे सर्वांगीण शिक्षण. आणि 'ऑर्थोपेडिक' या शब्दात पाय नाही आणि हाडही नाही. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने 1741 मध्ये 'सरळ' आणि 'मूल' या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून तो घडवला, कारण त्याचा विषय मुलांच्या शरीरातील वाकडेपणा टाळणे आणि सुधारणे हा होता. मी स्वतः शिकवण्याच्या पहिल्या वर्षांत हा शब्द फळ्यावर 'पाय' या गटात लिहिला होता, आणि एका विद्यार्थ्याने, तर मग खांद्याचे दुखणे या डॉक्टरांकडे का नेतात, असे विचारल्यावर शब्दकोश उघडावा लागला. ओळखण्याची खूण ब्रिटिश लेखनात आहे. मुलाच्या घराण्यातील बहुतेक शब्दांत पी नंतर ए आणि ई अशी दोन अक्षरे येतात, पायाच्या घराण्यात फक्त ई. अमेरिकन लेखनाने तो ए काढून टाकला आणि ही खूण पुसली. त्यात भर म्हणून ग्रीकमध्येही पायाचा शब्द आहेच, पण तो पी, ओ, डी असा येतो, म्हणून 'पोडायट्रिस्ट' म्हणजे पायांवर उपचार करणारा. बालरोगतज्ज्ञ आणि हा पायांचा तज्ज्ञ यांची इंग्रजी नावे शेजारी शेजारी लिहून पाहावीत, म्हणजे दोन-चार अक्षरांवर किती अवलंबून आहे ते दिसेल.

काही शब्द एकमेकांसारखे दिसतात आणि अर्थ उलटा देतात. 'प्रिस्क्राइब' म्हणजे विहित करणे, औषध लिहून देणे, आणि 'प्रोस्क्राइब' म्हणजे निषिद्ध ठरवणे. दोन्ही 'लिहिणे' या एकाच क्रियापदाचे, फरक एका स्वराचा. प्राचीन रोममध्ये ज्यांना कायद्याचे संरक्षण नाकारले त्यांची नावे जाहीर लिहून लावत, म्हणून दुसऱ्याचा अर्थ असा काळा पडला. 'मेरिटोरियस' म्हणजे गुणवत्तापूर्ण, प्रशंसनीय. 'मेरिट्रिशस' म्हणजे वरवर भपकेदार पण आतून पोकळ, आणि हा शब्द कौतुक म्हणून शिफारसपत्रात लिहिलेला मी एकदा वाचला आहे. नाते म्हणाल तर तेही येथे आहे : दोन्हींच्या मुळाशी 'कमावणे' हे लॅटिन क्रियापद आहे, पण दुसरा शब्द रोममधील वारांगनेच्या नावावरून आला, आणि तिच्या शृंगाराचा भपका तेवढा अर्थात शिल्लक राहिला. 'सॅक्रिलिजस' म्हणजे पवित्र वस्तूची विटंबना करणारा. 'रिलिजस' या शब्दाला पुढे काहीतरी जोडून तो बनला असावा असे समजून बहुतेक जण त्यात आधी ई आणि मग आय लिहितात. खरे लेखन नेमके उलटे, एल च्या आधी आय आणि नंतर ई, कारण त्यात 'पवित्र वस्तू' आणि 'उचलून नेणे' असे दोन तुकडे आहेत. मूळ अर्थ मंदिरातली चोरी.

केवळ अक्षरांच्या वैशिष्ट्यासाठी जमवलेले शब्दही तुम्हाला हवे असतील, म्हणून तेही सांगतो. 'फसीशस' म्हणजे नको तेथे थट्टा करणारा आणि 'अब्स्टीमियस' म्हणजे खाण्यापिण्यात संयमी. या दोहोंत पाचही स्वर वर्णमालेच्या क्रमाने, एकेकदाच येतात. 'सबकॉन्टिनेंटल' म्हणजे उपखंडाशी संबंधित, आणि त्यात तेच पाच स्वर उलट क्रमाने येतात. 'स्ट्रेंग्थलेसनेस' म्हणजे बलहीनता, सोळा अक्षरे आणि स्वर एकच, ई. 'इन्डिव्हिजिबिलिटी' म्हणजे अविभाज्यता, आणि शेवटचा वाय सोडला तर त्यात आय शिवाय स्वर नाही, पण तो आय सहा वेळा आहे. याउलट 'अनकॉपीराइटेबल' म्हणजे ज्याचा स्वामित्वहक्क घेता येत नाही असे, आणि 'डर्मॅटोग्लिफिक्स' म्हणजे बोटांच्या, तळहातांच्या व तळपायांच्या त्वचेवरील रेषांचे शास्त्र. या दोन्ही शब्दांत पंधरा अक्षरे आहेत आणि एकही पुन्हा येत नाही. दुसरा शब्द 1926 मध्ये हॅरल्ड कमिन्स या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने रूढ केला, आणि त्याचे तुकडे 'त्वचा' व 'कोरीवकाम' असे आहेत.

फार लांब शब्दांपैकी दोनच सांगतो, कारण बाकीचे बहुधा लांबीसाठीच बनवलेले असतात. 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' म्हणजे एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे. एकोणतीस अक्षरे, त्यांत नऊ वेळा आय आणि ई एकदाही नाही. लोकरीचा पुंजका, क्षुल्लक टरफल, काहीच नसणे आणि एक केस, असे क्षुद्रता दाखवणारे चार लॅटिन शब्द एकापुढे एक जोडून तो तयार झाला. विल्यम शेन्स्टन या इंग्रज कवीच्या 1741 मधील पत्रात तो आढळतो, म्हणजे 'ऑर्थोपेडिक'च्याच वर्षी. दुसरा पंचेचाळीस अक्षरांचा, सूक्ष्म सिलिका धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचे नाव म्हणून दाखवला जाणारा 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस'. तो 1935 मध्ये अमेरिकेतील कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम घडवला. डॉक्टर या आजाराला 'सिलिकोसिस' म्हणतात. तरीही शिकवताना मी हा शब्द वापरतो, कारण त्याचे तुकडे खरे आहेत : फुफ्फुस, पलीकडचे, सूक्ष्मदर्शी, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, विकार. तुकडे पाडले की आठवी-नववीतला विद्यार्थीही तो न अडखळता लिहितो.

राहिला प्रश्न कोडे सोडवण्याचा. दिलेल्या शब्दाची अक्षरे आधी वर्णानुक्रमाने लावून घ्यावीत. 'एज्युकेशन'ची मांडणी ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू अशी होते, आणि दुसऱ्या कोणत्याही शब्दाची मांडणी हुबेहूब अशीच आली तर उत्तर बरोबर आहे, वेगळे पडताळणे लागत नाही. संगणकही याच पद्धतीने काम करतो : संपूर्ण शब्दकोशातील प्रत्येक शब्दाची अशी मांडणी करतो आणि एकसारख्या मांडणीचे शब्द एकत्र ठेवतो. हाताने सोडवताना मात्र मांडणीनंतर प्रत्ययांकडे पाहावे. टी, आय, ओ, एन असली की बहुतेकांची नजर शेवटी 'शन' लावण्यावरच अडकते, आणि कोडे रचणारा नेमका त्याचाच फायदा घेतो. 'एक्सायटेशन' म्हणजे उत्तेजन हा दहा अक्षरांचा शब्द घ्या. यातून दुसरा शब्द काढायचा तर तो 'शन' आधी मोडावा. आय आणि एन सुरुवातीला नेले की 'इन' हा उपसर्ग मिळतो, आणि ए, टी, ई शेवटी ठेवले की क्रियापदाचा प्रत्यय मिळतो. मधे टी, ओ, एक्स, आय, सी एवढीच पाच अक्षरे उरतात आणि ती 'टॉक्सिक' या शब्दाची आहेत हे ध्यानात येते, फक्त त्याचा शेवटचा सी पुढच्या प्रत्ययाला जोडून वाचायचा. उत्तर 'इन्टॉक्सिकेट', म्हणजे नशा आणणे, धुंद करणे. त्याच्या पोटातले विष मुळात ग्रीकांच्या बाणाला लावायचे होते, आणि ज्या शब्दावरून त्या विषाला नाव पडले त्याचा अर्थ धनुष्य.